ब्रेक कुणाच्या हाती?

कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यानं अर्धा वाद आधीच मिटवून ठेवला आहे. राहण्या-झोपण्यासाठी बांधलेला कॅम्पिंगचा ट्रेलर १,५०० पौंड किंवा त्याहून जड असेल, तर त्याच्या किमान दोन चाकांना स्वतःचे ब्रेक हवेत. सामान वाहायच्या साध्या ट्रेलरला हीच अट ३,००० पौंडांपासून लागते. त्यामुळे फ्रीमाँटमधल्या एका मामा-भाचीत 'ब्रेक हवेत की नकोत' यावर फार बोलणं झालं नाही. कुठले, यावर झालं. आणि बसवल्यावर त्यांची देखभाल कशी करायची, यावर तर चहा दोनदा गरम करावा लागला.

मामा मूळचे सांगलीकडचे. नोकरीची सगळी वर्षं हायड्रॉलिक्समध्ये गेली, आता निवृत्त. त्यांच्याकडे ॲल्युमिनियमची छोटी बोट आहे. मासे धरायला ती नदीच्या डेल्टात न्यायची, म्हणून सर्ज ब्रेकचा ट्रेलर आहे. भाची सनीव्हेलला सॉफ्टवेअरमध्ये. तिनं जुना टिअरड्रॉप घेतला. आत दोघांपुरती गादी, मागचं झाकण वर केलं की स्वयंपाकाचा ओटा. ॲक्सलला ब्रेक नव्हते, पण ब्रेकची पाटी बोल्टनं आवळायची फ्लँज मात्र होती. मी शेजारी. मध्ये बोलायचं नाही असं ठरवून बसलो होतो, ते काही पूर्णपणे जमलं नाही.

मामा : वजन केलंस का? विकणाऱ्यानं सांगितलेलं नको, काट्यावरचं सांग.

भाची : केलं ना. ट्रकवाल्यांच्या काट्यावर नेऊन. पाणी, गॅसचा सिलिंडर, अंथरुणं, डबे, सगळं भरून १,९०० पौंड. तो म्हणाला होता १,४००.

मामा : कायद्याच्या रेषेच्या बरोबर शंभर पौंड खाली! विकणाऱ्यांचा लाडका आकडा. रिकाम्या पेटीचं वजन सांगतात, आणि रिकामी पेटी घेऊन कॅम्पिंगला कोण जातं?

भाची : माझ्या गाडीचं हँडबुक तर १,००० पौंडांपासूनच ब्रेक मागतं. तेव्हा तो मुद्दा सोड. मी इलेक्ट्रिक ब्रेक लावतेय.

मामा : ब्रेक लाव, त्याला माझी ना नाही. उसाच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या बघत मी मोठा झालोय. उतारावर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला कशी रेटते, हे मला पुस्तकात वाचायला नको. माझा प्रश्न एवढाच, की त्यात वीज कशाला घालायची? माझा बोटीचा ट्रेलर बघ. कपलरमध्ये मास्टर सिलिंडर आहे. गाडीनं ब्रेक मारला की ट्रेलर मागून कपलरला ढकलतो, सिलिंडर दाबला जातो, तेल चाकापर्यंत जातं, ब्रेक लागतो. जितकं जोरात ढकलेल तितका ब्रेक. ना कंट्रोलर, ना वायर. यू-हॉलचे भाड्याचे मोठे ट्रेलर याच तत्त्वावर चालतात, कारण कुठलंही गिऱ्हाईक कुठलीही गाडी घेऊन येतं. युरोपात ७५० किलोपासून साडेतीन टनांपर्यंतचे बहुतेक ट्रेलर असेच ढकलून थांबतात. ते लोक काय मूर्ख आहेत?

भाची : मूर्ख नाहीत. पण तुझ्या ट्रेलरचा ब्रेक कोण लावतं?

मामा : ट्रेलरच.

भाची : तेच म्हणतेय मी. तू लावत नाहीस, तो लावतो. आणि आधी तुला ढकलल्याशिवाय लावत नाही. वाऱ्यानं किंवा बाजूनं गेलेल्या ट्रकनं माझा ट्रेलर डोलायला लागला, तर मला गाडीचा ब्रेक मारायचा नसतो. गाडी हळू झाली की मागचं धूड तिला अजून वाकडं रेटतं. त्या वेळी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि फक्त ट्रेलरचे ब्रेक हलके लावायचे. म्हणजे ट्रेलर मागे ओढला जातो आणि जोडी सरळ होते. इलेक्ट्रिक कंट्रोलरला त्यासाठी हातानं दाबायचा खटका असतो. तुझ्या सर्जमध्ये ते करून दाखव.

मामा : नाही करता येत. पण ट्रेलर मुळात डोलतो कशामुळे? सामान मागे कोंबल्यामुळे. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार गाडीमागच्या हिचवर हवा. तुझ्या १,९०० पौंडांत तो १९० ते २८५ होतो. तेवढा ठेव, डोलायचं कारणच उरणार नाही.

भाची : तू म्हणतोस ते ठेवीन. पण वाऱ्याला काय सांगू?

इथं एक गोष्ट वाचकाला सांगायला हवी. हा इलेक्ट्रिक ब्रेक काही आजकालच्या विजेच्या गाड्यांसोबत आलेला नाही. विस्कॉन्सिनमधल्या बेलॉइट गावच्या आर्थर वॉर्नर यांनी १९२७ मध्ये इलेक्ट्रिक ब्रेकची कंपनी काढली. मोटारीच्या स्पीडोमीटरसाठी ते त्याआधीच प्रसिद्ध होते. रचना बाहेरून वाटते तितकी अवघड नाही. ड्रमच्या आत एका दांड्याच्या टोकाला विद्युतचुंबक असतो, सगळे त्याला मॅग्नेटच म्हणतात. वीज आली की तो फिरत्या ड्रमच्या आतल्या सपाट पृष्ठभागाला चिकटायला बघतो आणि त्याच्याबरोबर थोडा ओढला जातो. त्या ओढीनं दांडा फिरतो आणि दांडा ब्रेक शू बाहेर रेटतो. म्हणजे थांबवायची ताकद विजेची नसतेच. वीज फक्त चिमटा घेते, बाकीचं काम फिरतं चाक स्वतः करतं. म्हणूनच दहा इंची ब्रेकच्या एका मॅग्नेटला सुमारे तीन ॲम्पिअर पुरतात. दोन चाकांचे मिळून सहा.

मामांना हे ठाऊक होतंच. त्यांचा आक्षेप विजेच्या ताकदीवर नव्हता.

मामा : हे सगळं चालतं, नवं असताना. पण तुझी वीज गाडीच्या बॅटरीपासून मागच्या चाकापर्यंत किती ठिकाणी जोडलेली आहे ते मोज. कंट्रोलर, गाडीखालची वायर, सात पिनांचं सॉकेट, प्लग, ट्रेलरच्या पोटातले जोड, ॲक्सलच्या नळीतून पलीकडे गेलेली वायर, मॅग्नेट, आणि मग अर्थिंगचा परतीचा रस्ता. यात एका जागी हिरवं साचलं की संपलं. तेलाचा ब्रेक गळला तर जमिनीवर डाग पडतो, पाटी ओली दिसते. तुझा ब्रेक मेला तर काय दिसतं?

भाची : कंट्रोलरवर दिसतं की. ट्रेलर जोडला आहे की नाही, ते तो दाखवतो.

मामा : जोडला आहे, एवढंच दाखवतो. दोनपैकी एक मॅग्नेट चालू असला तरी तो खूश. तू निम्म्या ब्रेकवर योसेमिटीला जाऊन येशील आणि तुला कळणारही नाही, कारण बाकीचं काम गाडी निमूटपणे करत राहील. मला भीती या शांतपणाची आहे.

मला हा मुद्दा बिनतोड वाटला, आजही वाटतो. इलेक्ट्रिक ब्रेक बिघडताना आवाज करत नाही, गळत नाही, वास मारत नाही. छोट्या ट्रेलरला तर ही खोड जास्तच, कारण ओढणारी गाडी त्याच्या दुपटीहून जड असते आणि सपाट रस्त्यावर ती दोघांचंही थांबणं निभावून नेते. बिघाड कळतो तो उतारावर. भाचीनं मात्र यावर उसासा टाकला नाही, तिनं मल्टिमीटर आणला.

भाची : दिसत नसेल तर मोजता येतं. निळी वायर ब्रेकची, पांढरी अर्थिंगची. निळ्या वायरमध्ये ॲममीटर घालायचा, खटका पूर्ण दाबायचा. दोन दहा इंची ब्रेकना सहाच्या आसपास आकडा यायला हवा. तीन आला तर एक मॅग्नेट मेलाय. शून्य आला तर वायर तुटली. फारच जास्त आला तर कुठेतरी वायर सोलली जाऊन लोखंडाला टेकते आहे, आणि ती जागा बहुतेक वेळा ॲक्सलच्या नळीतच असते, कारण तिथं वायर धक्क्यागणिक घासते.

मामा : नळीतून नेऊच नकोस. बाहेरून, ॲक्सलला क्लिपा मारून ने. उंदीर खाईल, पण दिसेल तरी.

भाची : नेते बाहेरून. आणि मीटर नसेल तर साधं होकायंत्र चालतं. ड्रमजवळ धरायचं, दुसऱ्यानं गाडीत खटका दाबायचा. सुई हलली तर मॅग्नेट जिवंत.

मामा : हे बरंय. पण सुई हलली म्हणजे ब्रेक लागला असं नाही. मॅग्नेट जिवंत असेल आणि शू झिजून ड्रमपासून लांब गेलेले असतील, तर दांडा नुसताच फिरणार. जॅकवर चाक उचल, हातानं फिरव आणि मग खटका दाबायला सांग. चाक हातात अडकलं, तर ब्रेक आहे. आणि अर्थिंग कुठून घेणार आहेस? हिचच्या गोळ्यातून घेतात काही शहाणे. गोळ्याला ग्रीस, कपलरला गंज, आणि त्यातून वीज परत यायची!

भाची : पांढरी वायर थेट नेणार. मॅग्नेटच्या दोन वायरींपैकी कुठलीही एक निळीला, दुसरी पांढरीला. त्याला उलटं-सुलटं नसतं. जोड पिळून टेप गुंडाळायचे नाहीत, क्रिम्प करून वर उष्णतेनं आकसणारी नळी घालायची. वायर जाड घ्यायची. सहा ॲम्पिअर लांबवर बारीक वायरीतून पाठवले तर वाटेत व्होल्टेज पडतं, आणि तितका चिमटा ढिला पडतो.

इथपर्यंत मामांची कुरकुर चालूच होती, पण आवाज उतरला होता. मग गाडी आकारावर आली. यावर फार वेळ गेला नाही. ट्रेलर हलका, तेव्हा सात इंची ब्रेक पुरेत, असं मामांचं म्हणणं. भाचीचं उत्तर असं, की ब्रेक ट्रेलरच्या आजच्या वजनाला नाही, ॲक्सलला जुळवून घ्यायचा. सात इंची साधारण २,००० ते २,२०० पौंडांच्या ॲक्सलसाठी असतात. तिचा ॲक्सल ३,५०० पौंडांचा, आणि त्याला दहा इंची, सव्वादोन इंच रुंदीचा ब्रेक हीच नेहमीची जोडी. मोठा ड्रम उष्णता जास्त सोसतो आणि या मापाचे सुटे भाग सगळीकडे मिळतात. अट एवढीच, की चाक बारा इंची नको. तिची चाकं चौदा इंची होती. मामांनी मान डोलावली आणि एकच गोष्ट पुढे घातली : शू आणि मॅग्नेट सुटे आणू नकोस. पाटीवर सगळं बसवून आलेला अख्खा ब्रेक बहुतेक वेळा थोड्याच जास्त पैशांत मिळतो.

मामा : आणि डावा-उजवा बघून लाव. दोन्ही सारखे दिसतात, पण नसतात. आखूड लायनरचा शू गाडीच्या दिशेला, पुढे. लांब लायनरचा मागे. पुढचा शू ड्रमला टेकतो आणि मागच्याला रेटतो, सगळा जोर मागच्यावर येतो. अदलाबदल झाली तर ब्रेक लागेल, पण अर्धामुर्धा. आणि तुझ्या मल्टिमीटरला यातलं काही कळणार नाही.

भाची : स्वतःच जुळणारे घेतेय. लायनर झिजला की आपोआप अंतर भरून काढतात.

मामा : साधे घे. मागच्या फटीतून स्टार व्हील फिरवायचं, चाक हाताला जड लागेपर्यंत आवळायचं आणि मग अगदी हलकं घासेल इतपत सैल करायचं. पहिल्या दोनशे मैलांनंतर एकदा, मग दर तीन हजार मैलांना. त्या निमित्तानं माणूस ट्रेलरखाली जातो. आपोआप जुळणारं काही घेतलं की माणूस वाकायचं सोडतो.

भाची : मामा, माणसानं वाकावं म्हणून वाईट वस्तू घ्यायची?

मामा : वाईट कुठे? साधी.

या मुद्द्यावर मी भाचीच्या बाजूनं. वर्षाला हजार-दीड हजार मैल फिरणाऱ्या ट्रेलरचा मालक 'तीन हजार मैल झाले' हे कधी लक्षात ठेवणार? पण मामांचं दुखणंही खोटं नाही. स्वतः जुळणारा ब्रेक घेतला म्हणून ड्रम उघडायचं टळत नाही, आणि लोक नेमकं तेच टाळतात.

खरी गंमत पुढे झाली. भाचीनं निवडलेला कंट्रोलर मोबाइलवर चालणारा होता. ट्रेलरच्या प्लगपाशी एक डबी बसते आणि गाडीत वायर ओढावी लागत नाही. मामांच्या 'कुठलीही गाडी ओढू शकते' या मुद्द्याला ते तयार उत्तर होतं, आणि तिनं ते मोठ्या थाटात दिलंही.

मामा : छान. म्हणजे फोन लागतो?

भाची : एकदा सेटिंग केलं की डबी लक्षात ठेवते. फोन लागतो तो ताकद कमी-जास्त करायला आणि हातानं ब्रेक लावायला.

मामा : हातानं ब्रेक लावायला फोन लागतो?

भाची : ॲपमध्ये बटण आहे.

मामा : मघाशी तू मला काय सांगितलंस? ट्रेलर डोलायला लागला की फक्त त्याचे ब्रेक लावायचे, आणि म्हणून सर्ज नको. आता तो डोलायला लागल्यावर तू फोन शोधणार, उघडणार, ॲप लावणार, बटण दाबणार?

भाची काही बोलली नाही. इलेक्ट्रिक ब्रेकच्या बाजूनं तिनं मांडलेला सगळ्यात भक्कम मुद्दा तिच्याच खरेदीनं काढून घेतला होता. ज्यांना ट्रेलर वेगवेगळ्या गाड्यांना जोडावा लागतो त्यांच्यासाठी ती डबी उपयोगाची आहे, यात वाद नाही. पण एका गाडीला एकच ट्रेलर असेल, तर डॅशबोर्डखाली, गुडघ्यापाशी, न बघता हाताला सापडेल असा खटकेवाला कंट्रोलरच हवा. ती डबी परत गेली.

मामा : आणि स्वस्तातला वेळेवर चालणारा नको घेऊस. तो ब्रेकचा दिवा लागला की ठरवलेली वीज ठरवलेल्या वेळात सोडतो. तू सिग्नलपाशी हलकेच पाय टेकवलास काय आणि हरीण आडवं आलं म्हणून दाबलास काय, त्याला दोन्ही सारखंच. गाडी किती झपाट्यानं मंदावतेय ते ओळखून त्या प्रमाणात वीज देणारा घे.

भाची : तोच घेते. वीस-पंचवीस मैलांच्या वेगानं सपाट कोरड्या रस्त्यावर जायचं, खटका पूर्ण दाबायचा आणि ताकद वाढवत न्यायची. चाकं अडकून घासायला लागली की किंचित खाली आणायची.

मामा : आणि हे एकदा करून भागत नाही. पाण्याची टाकी भरलेली असताना लावलेली ताकद रिकाम्या ट्रेलरला जास्त होते. चाक अडकतं, टायर एका जागी घासून चपटा होतो. निघताना दर वेळी बघायचं.

भाची : त्याच्याही आधी नवे लायनर बसवून घ्यायचे. चाळीसवरून वीसपर्यंत, वीस-तीस वेळा, मध्ये थंड होऊ देत. तोपर्यंत पूर्ण पकड येतच नाही.

मग विषय घाटावर आला, आणि फ्रीमाँटच्या माणसाचा घाट म्हणजे रस्ता क्रमांक १२०. योसेमिटीच्या वाटेवर मॉकसिनच्या पुढे प्रीस्ट ग्रेड लागतो. परतताना जुना रस्ता सुमारे दोन मैलांत दीड हजार फूट उतरतो. ट्रेलरवाल्यांनी तिथं वळूच नये, नवा रस्ता वळणावळणाचा आणि लांबचा असला तरी तोच धरावा. पण भाचीला त्याच्या पलीकडे, टायोगा खिंड ओलांडून मोनो तलावाकडे जायचं होतं. खिंड ९,९०० फुटांच्या वर, आणि पायथ्याचं ली व्हाइनिंग ६,८०० फुटांच्या आसपास. बारा-एक मैलांत तीन हजारांहून जास्त फुटांचा उतार.

भाची : मी हिशेब केला. १,९०० पौंड एवढं खाली आणायचं म्हणजे त्यातून निघणारी ऊर्जा सव्वादोन युनिट विजेएवढी होते. गाडीचे स्वतःचे पाच-सव्वापाच युनिट वेगळेच. थोडी वाऱ्यात जाते, थोडी टायरमध्ये, बाकीची कुठेतरी उष्णता होऊन जायलाच हवी. ट्रेलरला ब्रेक नसतील तर ती सगळी माझ्या गाडीच्या चार डिस्कवर.

मामा : आणि असले तर तुझ्या दोन ड्रमवर! ड्रम तापला की फुगतो, शूपासून लांब जातो. लायनरची पकडही उतरते. उतारावर ब्रेक हा दुसरा उपाय गं. पहिला गिअर. वरूनच खालच्या गिअरमध्ये घाल, इंजिनाला धरू दे. वेग वाढला की एकदा नीट ब्रेक मार, वेग खाली आण आणि सोडून दे. पाय ठेवून उतरायचं नाही.

भाची : आणि तुझा सर्ज ब्रेक त्या उतारावर काय करतो? ट्रेलर पूर्ण वेळ मागून ढकलतोय, म्हणजे तो पूर्ण वेळ घासतोय. तुझ्या मनात असो वा नसो.

मामा (थोडं थांबून) : डेल्टात घाट नाही.

भाची : बरोबर. म्हणून तुझ्याकडे सर्ज शोभतो. शिवाय तू बोट उतरवायला चाकं पाण्यात घालतोस. माझे मॅग्नेट तिथं एका हंगामात कुजले असते. पण मी रिव्हर्स घेते ती जंगलातल्या चढावर, रात्री. तिथं सर्ज ब्रेकला वाटतं गाडीच थांबतेय, आणि तो लागतो.

मामा : त्याला रिव्हर्सच्या दिव्यावर चालणारा सोलेनॉइड मिळतो.

भाची : म्हणजे वायर आलीच! आणि मामा, तुझ्या मास्टर सिलिंडरमधलं तेल शेवटचं कधी बदललंस? ब्रेकचं तेल हवेतलं पाणी ओढतं, हे तूच मला शिकवलंस.

मामांनी कप उचलून आत नेला. या प्रश्नाचं उत्तर मला आजतागायत कळलेलं नाही.

परत आले ते वर्षाच्या कामाची यादी बोलतच आले, आणि या यादीवर दोघांचं एकमत निघालं. वर्षातून एकदा किंवा बारा हजार मैलांनी, जे आधी होईल तेव्हा, हब काढायचा, बेअरिंग धुऊन नवं ग्रीस भरायचं आणि मागचं सील नवं घालायचं. सीलवर पैसे वाचवू नयेत, कारण ते फाटलं की ग्रीस लायनरवर येतं, आणि ग्रीस प्यायलेला लायनर पुसून सुधारत नाही, फेकावाच लागतो. ॲक्सलच्या टोकाला ग्रीस गनची निपल असते, तिच्यातून चाक न फिरवता भसाभस ग्रीस मारणारे लोक सील असंच फोडतात. हब निघालाच आहे तर लायनर बघायचा. चिकटवलेला लायनर एक षोडशांश इंचावर, म्हणजे दीड मिलिमीटरवर आला की बदलायचा. मॅग्नेटवर सरळ पट्टी ठेवायची. तो सपाट झिजला असेल तर ठीक, एका बाजूनं झिजला असेल तर बाद. बदलायचं ते दोन्ही चाकांचं एकदम, नाहीतर ट्रेलर एका बाजूला ओढतो. उभा राहिलेला ट्रेलर फार दिवस तसाच ठेवू नये. ड्रमच्या आत गंजाचा थर धरतो आणि पहिल्या काही ब्रेकला चाक हिसके देतं.

राहिला ब्रेकअवे स्विच. ट्रेलर हिचवरून सुटलाच तर तारेनं पिन ओढली जाते आणि ट्रेलरवरची छोटी बॅटरी ब्रेक लावून धरते. व्यापारी वाहनांच्या फेडरल नियमात ही पकड किमान पंधरा मिनिटं टिकावी लागते, घरगुती ट्रेलरलाही तोच हिशेब लावायला हरकत नाही. तार गाडीच्या चौकटीला बांधायची. गोळ्याला नाही आणि साखळीलाही नाही, कारण गोळाच निसटला तर तारही त्याच्याबरोबर जाते. तपासायचं असेल तर आधी सात पिनांचा प्लग गाडीतून काढायचा, म्हणजे कंट्रोलरला धक्का बसत नाही. मग पिन ओढायची, जॅकवरचं चाक हातानं फिरतं का ते बघायचं आणि पिन लगेच परत घालायची. नाहीतर जी बॅटरी तपासायला गेलात, तीच संपवून याल.

माझा कौल विचारलात तर बोटीला सर्ज आणि घाटातल्या कॅम्पिंगला इलेक्ट्रिक. पण इलेक्ट्रिक त्यानंच घ्यावा, जो वर्षातून एकदा हब काढणार आहे किंवा काढून घेणार आहे. जो काढणार नाही, त्यानं १,५०० पौंडांच्या आतला ट्रेलर घ्यावा आणि काट्यावर नेऊन तो खरंच आत आहे ना, ते बघावं. गाडीचं हँडबुक काय म्हणतं, तेही वाचावं.

आणि जुना ट्रेलर बघायला जाल तेव्हा गादी, खिडक्या, ओटा हे सगळं नंतर बघा. आधी विकणाऱ्याला विचारा, ड्रम शेवटचे कधी उघडले होते? त्यानं तारीख सांगितली नाही, तर दोन अख्खे ब्रेक, दोन सील आणि बेअरिंगचे पैसे किमतीतून वजा करूनच पुढचं बोलणं करा.